जाळं रिकामं आलं तरी वहीत लिही

पत्र : मॅडम, मी निफाड तालुक्यातली, वडिलांची द्राक्षबाग आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीतले मासे आणि पाणवनस्पती हा माझा पीएच.डी.चा विषय. गेल्या २५ महिन्यांत २२ वेळा जाळं लावलं. गेल्या पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर पुरामुळे पाण्यात उतरताच आलं नाही, ते तीन रकाने मोकळे राहिलेत. ज्या देवळाली मिन्नोच्या आशेवर विषय घेतला, तो मासा एकदाही मिळाला नाही. हाताला लागतात ते रोहू, कटला आणि ढिगाने चिलापी (तिलापिया). सर म्हणतात, आधीच्या-नंतरच्या महिन्यांची सरासरी काढून रकाने भर, कुणी विचारत नाही. आणि मिन्नोचा नाद सोड, पक्ष्यांवर एखादा पेपर कर. ज्यांच्या होडीतून जाते ते भोई काका पूर्वी भरभरून बोलायचे, आता वही काढली की गप्प होतात. घरी लग्नाचं बघताहेत. आई विचारते, "मासे मोजून कुणाचं काय भलं होणार?" मला उत्तर देता येत नाही. सोडून देऊ का?
— निफाडची एक मुलगी

उत्तर :

प्रिय मुली,

आधी त्या तीन रकान्यांचं बोलू. बाकीच्या गोष्टी थोड्या थांबू शकतात, ही नाही. ते रकाने भरू नकोस. एकही आकडा घालू नकोस.

ते खोटं आहे हे तुलाही कळतं, नाहीतर तू पत्र लिहिलं नसतंस. पण नेमकं काय बिघडेल तेही बघ. जुलै ते सप्टेंबर हेच तर माशांचे महिने. पुराच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ओढ्या-नाल्यांत शिरतात, बुडालेल्या गवतात अंडी घालतात. चढणीचे मासे म्हणतो ते हेच. जून आणि ऑक्टोबर यांची सरासरी काढून मधले महिने भरलेस, तर वर्षातली सगळ्यात मोठी घडामोड कागदावरून पुसली जाईल आणि तिच्या जागी एक सपाट रेघ येईल. उद्या कुणी तुझा प्रबंध उघडून म्हणेल, नांदूरच्या माशांवर पावसाळ्याचा फारसा परिणाम दिसत नाही. ते वाक्य तुझ्या नावावर राहील.

रकाने मोकळे ठेव आणि खाली तळटीप दे : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पुरामुळे नमुने घेता आले नाहीत. मग त्या तीन महिन्यांत पाणी कसं वागलं ते गोळा कर. दारणा धरणातून किती क्युसेक सोडलं, गंगापूर धरणातून किती, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून पुढे जायकवाडीकडे किती गेलं, हे पावसाळ्यात नाशिकच्या वर्तमानपत्रांत रोज येतं. जलसंपदा खात्याकडे रीतसर अर्ज करून त्या नोंदी माग. हिवाळी-उन्हाळी आवर्तनांच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्यांच्या, तारखाही त्याच अर्जात माग, कारण तुझ्या पाणथळीची पातळी पावसाइतकीच कालव्याच्या आवर्तनावर हलते. पहिल्या वर्षीचा पावसाळा तुझ्याकडे पूर्ण आहे, तो या पाण्याच्या आकड्यांशेजारी मांड. मधले महिने नसले तरी चालणाऱ्या सांख्यिकीच्या पद्धती आहेत. तुझ्या विद्यापीठातल्या संख्याशास्त्र विभागात जाऊन एक दुपार कुणापाशी तरी बस.

आता सरांचं. त्यांच्याशी भांडू नकोस. पुष्कळदा अशी सूचना घाईतून येते, शिष्याचं काम अडकू नये या काळजीतूनही येते. "सर, तीन महिने मोकळे ठेवते, पुराचे आकडे जोडते, तुम्ही एकदा बघा" एवढंच म्हण आणि जोडलेलं काम समोर ठेव. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तुला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. त्या अहवालात हे तीन महिने आत्ताच, लेखी नोंदव. एकदा अहवालात गेलं की पुढे ते भरायचं दडपण तुझ्यावरही राहत नाही आणि सरांवरही.

आता मिन्नोकडे येते. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय.

हा मासा आपल्या जिल्ह्याचा आहे. १९३८ साली होरा आणि मिश्रा यांनी देवळालीजवळच्या दारणा नदीतून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रॅटर यांच्यावरून त्याला 'प्रॅटेरी' नाव मिळालं. आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. नांदूर मध्यमेश्वरला २०१९ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला, महाराष्ट्रातली ती पहिली रामसर पाणथळ. तिच्या माहितीत या माशाचं नाव येतं आणि तिथूनच तुझी आशा सुरू झाली असणार.

पण हा मासा कुठल्या कुळातला ते बघ. त्याचे भाऊबंद डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यांचे. बोटाएवढी लांबी, खाली वळलेलं तोंड, दगडाला धरून राहायची सवय. त्याला वाहतं, थंड, दगडगोट्यांचं पाणी लागतं. आणि तू जाळं कुठे लावतेस? गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या शंभर वर्षांपूर्वीच्या बंधाऱ्यामागे, जिथे गाळ साचून बेटं झालीत, पाणी संथ आहे आणि काठाला पाणकणीस माजलंय. शिवाय तुझ्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्यातल्या एकेका छिद्राचा आकार, किती आहे ते पत्रात लिहिलेलं नाहीस. कटल्यासाठी विणलेलं जाळं असेल तर त्यातून असे शंभर मासे आरपार जातील आणि तुला कळणारही नाही. तशा जाळ्याने २२ वेळा काय, २२० वेळा रिकामा हात आला तरी या माशाबद्दल ते काहीच सांगत नाही.

समज, बारीक आसाचं जाळं होतं. तरीही हिशेब कर. मासा तिथे आहे आणि एका खेपेला तो सापडण्याची शक्यता दहात एक आहे असं धरलं, तर २२ खेपांत एकदाही न सापडण्याची शक्यता शंभरात जवळजवळ दहा उरते. ती पाचाखाली आणायला २९ खेपा लागतील. म्हणजे "मासा नाही" असं म्हणायचा अधिकार तुला अजून मिळालेला नाही. "इतक्या खेपा, या आसाचं जाळं, इतके तास, या जागा, आणि मासा मिळाला नाही" एवढं म्हणायचा मात्र पुरेपूर आहे. ते वाक्य प्रबंधात ठळकपणे येऊ दे.

हे इतक्या आग्रहाने का सांगते? मी एम.फिल.ला होते तेव्हा गोदाकाठच्या पाणवनस्पतींची यादी केली होती. एका वनस्पतीपुढे मी "आढळली नाही" असं लिहून मोकळी झाले. कुठे शोधली, किती दिवस शोधली, कुठल्या महिन्यात, काही लिहिलं नाही. मनात होतं, नाही ते नाही, त्यात लिहायचं काय! पंचवीस वर्षांनी एक विद्यार्थी घरी आला. त्याला ती वनस्पती एका डोहात मिळाली होती. ती तिथे आधीपासून होती की नव्याने आली, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी वह्यांची सगळी कपाटं उपसली. उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण त्या डोहापर्यंत मी गेले होते की नाही हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. तो काही न बोलता चहा पिऊन गेला. ती दुपार मला अजून सलते.

म्हणून तुझ्या वहीत रिकाम्या जाळ्याची नोंद भरलेल्या जाळ्याइतकीच सविस्तर हवी. जाळं किती वाजता टाकलं, किती वाजता काढलं, लांबी, आस, पाण्याची खोली, पारदर्शकता, तापमान, आणि मग "काही नाही". निफाडच्या जानेवारीत बोटं आखडलेली असताना "काही नाही" लिहायचा किती कंटाळा येतो ते मला ठाऊक आहे. तरी लिही.

आणि तुझ्या हाताला लागलेली चिलापी म्हणजे अपयश नव्हे. ती आफ्रिकेतून आलेली. रोहू-कटला गंगेच्या खोऱ्यातले, आपल्याकडे बीज सोडून वाढवलेले. म्हणजे गोदावरीतल्या एका पाणथळीत तुला मुख्यतः बाहेरून आणलेलेच मासे मिळताहेत. मग इथले कुठे आहेत? मरळ किती, वाम किती, शिंगाळा किती, शिवडा मिळतो का, मिळाला तर कुठल्या महिन्यात? प्रबंधाचा कणा इथेच दडलाय. पक्ष्यांवरचा पेपर करायला माझी हरकत नाही, पण तिथे पक्षी मोजणारे पुष्कळ आहेत. पाण्याखाली बघणारी माणसं फार थोडी.

देशी माशांचं बोलताना भोई काका आठवतात.

१८३९ साली कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिलं, तेव्हा कितीतरी माशांना त्यांनी इथल्याच लोकांच्या तोंडची नावं लावली. आज तुझ्या तक्त्यातली लॅटिन नावं वाचून बघ : सीनघाला, खुद्री, कोलस, मुसुल्ला. सीनघाला म्हणजे आपला शिंगाळाच. इथल्या पाण्यावर जगणाऱ्यांचे शब्द जगभरच्या ग्रंथांत गेले, ज्यांनी ते सांगितले त्यांची नावं मात्र कुठे गेली नाहीत.

काका गप्प का झाले असतील? तू काही चुकीचं केलं असशील असं मला वाटत नाही. पण तुझी पाणथळ पक्षी अभयारण्यात येते, तिथे मासेमारी हा नाजूक विषय आहे आणि वहीत लिहिलेलं पुढे कुठे जातं ते त्यांना माहीत नाही. माणसाला धास्ती वाटणारच. एकदा वही, जाळं सगळं घरी ठेवून नुसती जा. तुझ्या वहीत त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखव, अगदी शब्दन्‌शब्द. नकोसं असेल ते त्यांच्यादेखत खोड. त्यांचं नाव, गाव, जाळ्याची नेमकी जागा प्रबंधात येणार नाही हे सांग आणि ते पाळ. नकाशावर ठिपके दाखवायचेच असतील तर तुझ्या स्वतःच्या जाळ्यांचे दाखव. तुझ्याकडे वनखात्याची परवानगी असेलच. ती कशाची आहे, किती काळाची आहे, कुठले नमुने घेता येतात, हे त्यांनाही मराठीत समजावून सांग. संशोधनाच्या परवानगीमुळे त्यांच्यावर काही येणार नाही, हे तुझ्या तोंडून त्यांना ऐकू दे.

होडीचे पैसे देतेस ना? दिवसाचा रोज बुडतो त्याचाही हिशेब कर.

मग एखाद्या संध्याकाळी विचार : तुमच्या लहानपणी कुठला मासा यायचा जो आता येत नाही? शेवटचा कधी बघितला? बंधाऱ्याच्या कुठल्या अंगाला? हे जाळ्याच्या आकड्यांत मिसळू नकोस, त्याचं स्वतंत्र प्रकरण कर. तीन-चार वेगवेगळ्या घरांतून, एकमेकांच्या माघारी, तेच उत्तर आलं तर ते वजनदार धर. तू पाण्यात उतरू शकली नाहीस त्या पुराच्या महिन्यांतही काठावरची माणसं पाणी बघत होती. त्यांनी काय बघितलं तेही तिथेच येऊ दे.

वनस्पतींबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस, याचं मला वाईट वाटलं. तुझ्या विषयाच्या नावात त्या आहेत. जलपर्णी सगळ्यांना दिसते, कारण ती वर तरंगते. तिच्या गालिच्याखाली ऊन जात नाही, खालच्या वनस्पती मरतात, कुजतात, पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळसारखे मासे तेवढे तग धरतात. तुझे मासे आणि तुझ्या वनस्पती इथे एकमेकांना भेटतात. एक मीटर चौकट घे, जलपर्णीत एक, उघड्या पाण्यात एक, आणि दोन्हीकडे सकाळी उजाडण्याआधी आणि दुपारी प्राणवायू मोज. पहाटेचा आकडाच खरं सांगतो, रात्रभर सगळ्यांनी श्वास घेतलेला असतो. त्या वेळी एकटी जाऊ नकोस.

पाण्याखालच्या वनस्पतींचे नमुने कसे करतेस? हायड्रिला पाण्यातून उचलली की तिचा भिजल्या दोऱ्यासारखा गुंता होतो आणि तसाच दाबला तर त्यावरून काही ओळखता येत नाही. पसरट ताटात पाणी घे, त्यात ती मोकळी सोड. फांद्या आपोआप पसरतात. मग जाड कागद ताटात खालून सरकव, सुईने पानांची वर्तुळं नीट कर आणि कागद एका बाजूने हळूहळू वर उचल. पाणी ओघळून जातं, वनस्पती जशी पाण्यात होती तशी कागदावर बसते. टीपकागद पहिले चार दिवस रोज बदल, नाहीतर बुरशी चढते. ओळख पक्की करायला पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा आघारकर संस्थेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जा. थंडीत वारकरी पक्षी आणि बदकं ज्यासाठी तिथे उतरतात ती हीच पानं आणि हेच कंद. पक्ष्यांचा पेपर व्हायचाच असेल तर तो इथून होऊ दे.

लग्नाबद्दल मी थोडंच लिहीन, कारण ते तुझ्या घरातलं आहे आणि मला एकच बाजू माहीत आहे. नियम मात्र माहीत असू दे. पीएच.डी.ला नोंदणीपासून सहा वर्षं मिळतात, पुढे दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर आणखी दोन. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची सोय आहे. तेव्हा "आता लग्न ठरतंय म्हणून सोड" असं कुणी म्हणालं तर ते नियमाने सांगत नाहीत एवढं लक्षात ठेव. बघायला येतील त्यांना पहिल्याच भेटीत सांग की महिन्यातून एक-दोन पहाटे मी पाण्यावर असते आणि पुढची दोन-तीन वर्षं असेन. ते ऐकून जे चेहरे दिसतील त्यावरून तुला आणि तुझ्या वडिलांना बरंच कळेल.

आणि आई. तिला प्रबंधाची भाषा सांगू नकोस, बागेची सांग. बागेला पाणी कुठून येतं, छाटणीनंतर काय फवारतो, पावसात ते धुऊन कुठे जातं, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नाशिक शहराचं सांडपाणी आणि निफाडच्या शेतांचं खत याच पाण्यात येतं, जलपर्णी त्यावरच पोसते. ते पाणी बिघडलं तर आधी माशांना कळतं, मग काठावरच्या विहिरींना, मग आपल्याला. २०२७ चा सिंहस्थ म्हणजे गोदेवर बांधकामं आणि लाखोंची गर्दी. त्याआधी नदीत काय होतं आणि नंतर काय उरलं, हे विचारलं जाईल तेव्हा कुणाच्या तरी वहीत दर महिन्याची ओळ असायला हवी. ती तुझ्या वहीत आहे. एकदा तिलाच होडीत घेऊन जा. हिवाळ्यात, सकाळी, ऊन वर आल्यावर.

सोडू का, असं विचारलं आहेस. माझं उत्तर नाही असं आहे. विषयाची हद्द मात्र थोडी वाढव.

परतीचा पाऊस सरला की पाणी निवळतं. तेव्हा दारणेच्या वरच्या अंगाला, इगतपुरीकडच्या ओढ्यांत शोध सुरू कर. रीतसर परवानगी घेऊन, सरांना सांगून, कुणाला तरी सोबत नेऊन. हातजाळं बारीक आसाचं घे. ते प्रवाहात खालच्या बाजूला उभं धर आणि वरच्या बाजूचे दगड एकेक करून हलव, दगडाला धरलेला मासा सुटून जाळ्यात येतो. हलवलेला दगड पुन्हा तसाच, त्याच बाजूने ठेव. मिळाला तर पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात ठेव, शेजारी मोजपट्टी, वरून एक फोटो, बाजूने एक, तोंडाचा खालून एक, आणि मिनिटाभरात त्याच जागी सोड. अतिसंकटग्रस्त मासा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालायचा नसतो. तोंडाचा फोटो विसरू नकोस, ओळख पटवताना आधी तोच मागतील.

नाही मिळाला तर कुठले ओढे, किती दगड, किती तास, ते लिहून मला पाठव. मी वाट बघते.